रिकामं धुणं

मित्रांनो, मी एक जुनी वॉशिंग मशीन आहे. जन्म कारखान्यातला, संसार बाथरूममध्ये, दाराआडच्या कोपऱ्यात. माझा पुढचा एक पाय आखूड. त्यामुळे कपडे पिळायची वेळ आली की माझ्या अंगात यायचं आणि मी थडथडत फिरायला निघायचे. मेकॅनिकनं पायाखाली रबर घातलं, पुठ्ठा घातला, शेवटी हात टेकले.

मग आजोबांनीच उपाय काढला. पिळणं सुरू झालं की ते पेपर घेऊन माझ्यावर बसायचे. पेपर थरथरायचा, चष्मा थरथरायचा आणि मोठ्यानं बातम्या वाचताना आवाजही थरथरायचा. नात भिंगरी दारात बसून पोट धरधरून हसायची. पाहुण्यांनी आजोबा कुठे म्हणून विचारलं, तर आई सांगायची की कपडे पिळतायत. काम झालं की आजोबा माझ्या झाकणावर शाबासकीची थाप मारायचे.

एके दिवशी आजोबा वारले. मी तुम्हाला हे सरळ सांगितलं, पण घरात कुणी भिंगरीला सांगेना. आत्यानं, म्हणजे आजोबांच्या लेकीनं, फर्मान काढलं होतं: पोरीसमोर कुणी टिपूस गाळायचं नाही, आजोबा गावाला गेलेत म्हणायचं.

तेव्हापासून मला उसंत नाही. सकाळी बाबा यायचे, कडी लावायचे, मला रिकामीच सुरू करायचे आणि माझ्या घरघरीआड रडायचे. मग आई. दुपारी आत्या, फर्मान काढणारीच सगळ्यात लांबलचक धुलाई लावायची! माझ्या पोटात साधा रुमाल नाही, आणि शेजारच्या काकू बिल्डिंगभर सांगत सुटल्या की स्वच्छता बघावी तर या घरात. बाहेर जाताना प्रत्येक जण चेहऱ्यावर हसू चिकटवून जायचा. ते हसरे चेहरे बघून भिंगरी मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती.

रिकामी असले की मी शहाण्यासारखी उभी राहते. पण एका रविवारी आईनं माझ्यात जाड चादर भिजत घातली होती. बाबांनी न बघताच बटण दाबलं. चादर एका बाजूला गोळा झाली, वर बसायला कुणी नाही. मी जी सुटले ती थेट दाराला जाऊन अडकले. प्लग भिंतीतून उपटला गेला आणि मी एकदम गप्प. बाबांचा हुंदका मात्र थांबला नाही. तो असा घुमला की सगळं घर धावत आलं. बाबांनी आतून कडी काढली, पण दार ढकलतात तर मध्ये मी.

साबण गेला डोळ्यात, असं बाबा आतून पुटपुटले.

तेवढ्यात बाहेरून भिंगरीचा बारीक आवाज आला. "बाबा, आजोबा माझ्यावर रुसून गेले का? मी त्यांचा चष्मा मशीनमध्ये धुतला म्हणून?"

धुतला होता खरा. आजोबांनी तर तो वाकडा चष्मा कौतुकानं सगळ्यांना दाखवला होता. पण पोरीनं एवढे दिवस हे एकटीनंच पोटात ठेवलं होतं.

बाबा मला टेकून खाली बसले. "नाही गं भिंगरे. आजोबा मुळीच रुसले नव्हते. त्यांचं हृदय थकलं आणि बंद पडलं. ते मेले, बाळा. आता परत नाही येणार. मला त्यांची फार आठवण येते, म्हणून रडत होतो."

"मला वाटलं, मलाच येते," ती म्हणाली, आणि तिनं भोकाड पसरलं.

आई तिला मांडीवर घेऊन दाराबाहेरच बसली. डोळे पुसत आत्यानं कबूल केलं की लहानपणी तिनंही त्यांचं घड्याळ बादलीत बुडवलं होतं, पोहतं का बघायला. रडता रडता भिंगरीनं विचारलं, पोहलं का? मग दाराच्या दोन्ही बाजूंनी आजोबांच्या गोष्टी निघाल्या. मला बाजूला करून बाबांना सोडवायचं बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तर मित्रांनो, कपड्यांवरचे डाग खुशाल माझ्यावर सोडा. पण घरातलं माणूस गेलं तर त्याचं नाव घेत जा. मनात आलेलं मोठ्यांना विचारा, आणि ते गावाच्या गोष्टी सांगायला लागले तर पुन्हा विचारा. रडू आलं तर दार उघडं ठेवून रडा. मला रिकाम्या पोटी राबवू नका. म्हातारी झालेय मी आता.