सुए की सुइ?

मित्रांनो, मी एक जुना लाकडी शिक्का आहे. बोटाएवढा, पिवळसर. माझ्या तोंडावर एका बाईचं नाव उलटं कोरलेलं आहे. कागदावर ते सुलट उमटतं. म्हणजे स्वतःचं नाव मला कधी सरळ वाचताच आलेलं नाही. पण माझा गोंधळ त्याहून मोठा आहे.

जपानच्या एचिगो भागातल्या आमच्या गावात मुलगी कामाला लागली की तिला सहीऐवजी वापरायला शिक्का करून देत. आडनाव लग्नानंतर बदलणार, म्हणून त्यावर नुसतं नाव. माझी मालकीण सोळाव्या वर्षी विणकामाच्या गिरणीत लागली. कचेरीतल्या नोंदीत होतं तेच तिच्या वडिलांनी कोरून घेतलं: सुए. जपानीत काही अक्षरं अर्थाची असतात, काही नुसत्या उच्चाराची; ही उच्चाराची. सुए म्हणजे शेवट. चौथी मुलगी झाली, आता पुरे, असा तिने त्याचा अर्थ लावला होता.

साठ वर्षं मी गिरणीच्या हजेरीपटावर, मुलांच्या दाखल्यांवर, पार्सलांच्या पावत्यांवर लाल शाईत तो शेवट उमटवला. ठसा ठसठशीत येतो, असं पोस्टमन कौतुकाने म्हणायचा. पुढे सही चालू लागली आणि मी खणात पडलो. शाई अंगावरच वाळली, एका बाजूची कड उडाली.

या वसंतात सुएआजींनी मला शिक्के कोरणाऱ्या हिरासावाच्या दुकानात नेलं. त्याच्याच वडिलांनी मला कोरलं होतं.

"नवाच करू या, आजी," तो म्हणाला. "घरगुती शिक्क्याला अर्थाचं अक्षरही चालतं. कुठलं घालू?"

"शेवट. दुसरं काय असणार?"

"आपल्याकडे ए आणि इ सारखंच बोलतात. तुमचे वडील सुइ म्हणाले असले तर? सुइ म्हणजे हिरवा, कोवळ्या रोपांचा. नोंद करणाऱ्या कारकुनाने सुए ऐकलं असेल."

आजींनी तिथूनच थोरल्या बहिणीला, फुसाला, फोन लावला.

"ताई, बाबांनी माझं नाव काय ठेवलं होतं?"

"सुय."

"सुए की सुइ?"

"तेच सांगतेय ना. सुय. कान गेले का तुझे?"

"ताई, चौथीही मुलगीच, म्हणून 'आता पुरे' असं ठेवलं का गं?"



"मला नाही माहीत. मी सहा वर्षांची होते. पण शेतावरून आले की बाबा पहिली हाक तुलाच मारायचे. आम्ही तिघी जळायचो."

आजींनी फोन ठेवला. "याचंच तोंड घासून घे," त्या हिरासावाला म्हणाल्या, "आणि होती तीच अक्षरं परत कोर."

आता मी दोन मिलिमीटर आखूड झालो आहे आणि माझ्या नावाचा अर्थ मला अजून ठाऊक नाही. आजी मात्र मला रोज वापरतात. परवा शेजारणीने आणून दिलेल्या, घरोघर फिरणाऱ्या सूचनापत्रावर 'वाचलं' म्हणूनसुद्धा दोनदा उमटवलं.

मित्रांनो, शिक्का वापरून झाला की शाई पुसून ठेवत जा. आणि नाव ठेवणारी माणसं आहेत तोवर त्यांना अर्थ विचारून घ्या. उत्तर नीट ऐकू येईलच असं नाही, पण ती तुम्हाला हाक कशी मारतात ते ऐकून ठेवा.