राहिलेली किक

नबीलालनं दौंडला रेल्वेत चौतीस वर्षं पॉइंट्समनची नोकरी केली. रिटायर होऊन कवठे येमाईला परतला, तेव्हा त्याच्याकडं एक शिट्टी, एक फुटबॉल आणि दोन दुखरे गुडघे होते. रेल्वे कॉलनीच्या मैदानावर उभी हयात खेळलेला माणूस, पण गावाला क्रिकेट आणि कुस्ती सोडून तिसरा खेळ असतो हेच पटत नव्हतं. पोरं त्याच्याकडं फिरकली नाहीत. मग त्यानं नातीला, मेहकला, गोलात उभं केलं. मेहकनं वर्गातली मोनिका आणली, मोनिकानं आणखी नऊजणी गोळा केल्या आणि झाला क्लब.

मोनिकाचा आजा ज्ञानू नबीलालचा शाळासोबती. बापजाद्यांची मेंढरं विकून शेती धरलेला, आणि यात्रेच्या आखाड्यातला कुस्त्यांचा पंच. त्याचं दीड एकर माळरान पडीक होतं, ते त्यानं खेळायला दिलं. मेंढरं कोंडायची जुनी वागूर माळ्यावर धूळ खात होती, तीही दिली. दोन्ही गोलांना जाळी म्हणून ती अशी चपखल बसली, की नबीलालला वाटलं, विणणाऱ्यानं कुठंतरी फुटबॉल बघितलेला असणार.

पहिल्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत दौंडच्या पोरींनी अकरा गोलांनी धुतलं. पारावर चौकशी झाली तेव्हा नबीलालनं अकरा गोल झाल्याचं सांगितलं. कुणी केले हे कुणी विचारलं नाही, आणि त्यानंही आगाऊपणा केला नाही. पुढच्या वर्षी सहावर भागलं. तिसऱ्या वर्षी केंदूरला हरवलं, आणि चौथ्या वर्षी वरच्या गटात जायला एकच सामना उरला. तोही दौंडशी, तोही आपल्याच रानात.

पण मधल्या काळात ज्ञानूच्या मुलानं, रविराजनं, त्या माळाला पाइपलाइन आणली होती. पाणी आलं म्हणजे माळ काही माळ राहत नाही. त्याला तिथं कांदा लावायचा होता, रोपही टाकून झालं होतं. घरात रोजची कटकट. शेवटी ज्ञानूनं मुलाला आणि नबीलालला समोर बसवून निवाडा केला: पोरी जिंकल्या तर रान क्लबचं, हरल्या तर कांद्याचं. रविराज लगेच कबूल झाला, कारण अकरा गोलांची खरी हकीकत त्याला ठाऊक होती. नबीलाललाही हो म्हणावं लागलं. एवढं सपाट रान गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं, आणि असतं तरी पोरींच्या खेळाला कोण देतंय!

सामन्याला सारा गाव लोटला. हलगीवाला आला, गुलाल आला, नारळ आले. ज्ञानूला फेटा बांधून खुर्चीत बसवलं. गावात कुठलीही झुंज त्याच्याशिवाय होत नाही. इथं शिट्टी पुण्याहून आलेल्या रेफ्री मॅडमच्या हातात असते, पंचाचं काही काम नाही, हे नबीलालनं त्याला आधी सांगायला पाहिजे होतं. पण फेटा बांधलेल्या म्हाताऱ्याला असलं कोण सांगणार? राहून गेलं.

सामना एक-एक असा सुटला आणि पेनल्टीवर आला. दौंडच्या पाच किकांतल्या दोन मेहकनं अडवल्या. त्यांचे तीन गोल, आपल्याही चार किकांत तीन. शेवटची किक मोनिकाची. गेली की जिंकलो. मोनिकानं चेंडू ठेवला, चार पावलं मागं आली. नबीलालनं खिशातली स्वतःची शिट्टी मुठीत आवळून धरली.

तेवढ्यात ज्ञानू खुर्चीतून उठला. शांतपणे मैदानात गेला, दौंडच्या गोलकीपरला पुढं बोलावलं, आणि एका हातानं मोनिकाचा, दुसऱ्या हातानं तिचा हात धरून वर केला.

"लई येळ झाला. दोन्हीकडनं तोडीस तोड हाय," त्यानं जाहीर केलं. "ही झुंज म्या बरोबरीत सोडवली."

हलगी कडाडली. गाव मैदानात घुसला, गुलाल उधळला, दोन्ही संघांना नारळ दिले. रेफ्री मॅडमनी तीनदा मैदान मोकळं करायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांच्याही कपाळाला गुलाल होता. मग अंधारून आलं, आणि त्यांनी कागदावर लिहिलं, की यजमानांनी सामना बंद पाडला, सबब दौंड विजयी.

"ज्ञानू, ती किक गेली असती," नबीलाल एवढंच म्हणाला.

"म्हणून तर उठलो," ज्ञानू म्हणाला. "माझीच नात, आन् पंच बी मीच. आन् ती दौंडची पोर बघितली का? थराथरा कापत हुती."

रविराजनं कागदाचा फोटो दाखवून रान मागितलं. ज्ञानूनं कागद मानला नाही. आखाड्यात बरोबरी झाली की इनाम अर्धं अर्धं, म्हणून त्यानं मैदानाच्या मधोमध दोरी धरली. एका अर्ध्यात कांद्याचे वाफे पडले. दुसरं अर्धं, एका गोलासकट, क्लबला उरलं. नबीलालचा संताप संताप झाला. चार वर्षं गुडघे घासून उभं केलेलं सगळं एका भल्या माणसानं भलेपणानंच मोडलं होतं, आणि भल्या माणसाला शिव्या तरी काय घालायच्या! तो ज्ञानूशी तीन आठवडे बोलला नाही.

पोरी अर्ध्या रानात खेळत राहिल्या. रोज शेवटी मोनिका चेंडू ठेवायची, चार पावलं मागं जायची आणि एक किक मारायची. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

लावणीच्या आदल्या संध्याकाळी ज्ञानू वाफे बघायला आला आणि बांधावर उभा राहिला. मोनिकानं किक मारली, मेहकनं अडवली.

"हे काय चाललंय?" त्यानं विचारलं.

"तू थांबवलेली किक," नबीलाल म्हणाला. "रोज मारती."

"जाती का?"

"कवा जाती, कवा न्हाई. त्या दिवशी गेली असती का, हे त्या दिवशीच कळायचं हुतं. आता जलमभर न्हाई कळायचं तिला."

ज्ञानू वाफे न बघताच घरी गेला.

सकाळी बायका रोप घेऊन आल्या तर ज्ञानू फावडं घेऊन वाफे मोडत होता. निम्मे सपाट झाले होते. रविराज बांधावरून ओरडत होता. ज्ञानूनं बायकांना रोप घराजवळच्या तुकड्यात लावायला पाठवलं आणि नबीलालला हाक मारली.

"दौंडला फोन लाव. ती गोलातली पोर घिऊन या म्हणावं, एकाच किकेपुरती. तवर रान मोकळं ऱ्हाईल." त्यानं घाम पुसला. "आन् म्या फेटा बांधणार न्हाई."