खुंटीवरची दोरी

राहीबाईनं दाभणाच्या टोकानं दोरीची गाठ सोडली आणि बोटभर पुढं सरकवून पुन्हा आवळली. तिचा लेक गुंडा नदीपर्यंत धावायला गेला होता. तो परतायच्या आत दोरी खुंटीवर होती तशी लटकायला हवी होती. तिचे हात घाईत होते आणि काळीज त्याहून घाईत.

दोरी लालासाहेबाची. पलटणीतून पेन्शनीवर आलेला हा माणूस आता लढाईसाठी शिराळ्याच्या आसपासची पोरं गोळा करत हिंडायचा. गेल्या मार्गशीर्षात गुंडाची छाती त्याच्या फितीला कमी भरली, तेव्हा दोरीला गाठ मारून तो राहीबाईच्या देखत म्हणाला होता,

"ही छातीला गुंडाळायची. गाठ टोकाला टेकली, की माझ्याकडं यायचं. तवर जोर मारायचं, दूध प्यायचं."

तेव्हा राहीबाई चक्क हसली होती. या पोरानं आजवर एक गोष्ट तडीला नेली नव्हती. शाळा सोडली, सुतारकी सोडली, भजनातले टाळसुद्धा चार दिवसांत खाली ठेवले. जोरांचं तरी वेगळं काय होणार? थोरला हंबीरराव ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होता आणि त्याचं पत्र येऊन अकरा महिने झाले होते. धाकट्याला ती कुणाच्याही हवाली करणार नव्हती.

पण गुंडानं या खेपेला चिकाटी धरली. पहाटे तालीम, मग नदी, मग मूठभर मोडाचे हरभरे. विडी सुटली, जत्रेतली भजी सुटली. चैत्रात गाठ टोकापासून दोन बोटांवर आली. त्याच दिवशी राहीबाईनं पहिल्यांदा दाभण हातात घेतलं. गुण दिसला नाही की कंटाळेल, अशी तिची अटकळ होती.

दर शनिवारी मारुतीला तेल घालून आला, की गुंडा छाती मोजायचा.

"आई, आजून दोन बोटं हायतीच."

"ऱ्हाऊ दे की रं. समद्यांचीच छाती भरती व्हय?"

"मग जोर कमी पडत्यात माझं."

दुसऱ्या दिवसापासून पन्नास जोर वाढायचे.

दूध तोडावं, असं तिनं एकदा ठरवलंही. पण घामानं निथळणारं लेकरू दारात उभं राहिलं, की तिला ते जमायचं नाही. एका हातानं ती गाठ सरकवायची आणि दुसऱ्या हातानं तांब्या भरून द्यायची. खांद्यावर उसवलेला त्याचा सदरा तिनंच दोनदा शिवला, आणि तरीही तिनं स्वतःला काही दिसू दिलं नाही.

नागपंचमी झाल्यावर पहिल्याच शनिवारी गुंडा लालासाहेबालाच घरी घेऊन आला.

"आबा, तुमीच बघा. काय चुकतंय माझं?"

लालासाहेबानं खिशातून फीत काढली, गुंडाच्या छातीला लावली, आकडा वाचला आणि पुन्हा वाचला.

"छत्तीस! आरं गड्या, तेहतीसच मागत्यात!"

मग त्यानं दोरी खाली काढली. तिच्यावर जुन्या गाठींचे मळके वळ एकामागं एक उमटलेले होते. त्यानं त्यांवरून अंगठा फिरवला.

"ही गाठ मी मारलेली न्हाई."

गुंडानं दोरीकडं पाहिलं, मग आईकडं. राहीबाई तांब्यात दूध ओतू लागली.

"बरंच झालं म्हणा," लालासाहेब हसत म्हणाला. "पावसाआधी आला असतास, तर पुण्यात कोठारावर पोती राखत बसला असतास. पर आता आघाडीसाठीच माणसं मागत्यात. आन् असली छाती कोठारावर कोण ठिवतंय? हंबीररावाच्या पलटणीतच लय जागा मोकळ्या झाल्यात..."

त्यानं जीभ चावली.

"कुणाच्या जागा, आबा?" राहीबाईनं विचारलं.

लालासाहेब फीत गुंडाळू लागला. ती गुंडाळून झाली, तरी तो फितीकडंच बघत राहिला.

गुंडानं आईच्या हातातला तांब्या घेतला. रोजच्यासारखा एका दमात रिकामा केला आणि सदऱ्याच्या बाहीनं ओठ पुसले.

"उद्या जरा लवकर भाकरी बांध, आई."