चार तुइवाओला

आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा कपाटातली जुनी कार्डं त्यात चढवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. कार्डांवर लहानपणची नावं होती, म्हणून ती त्याच नावांनी चढवली. अडचण आली ती पदवीधारी मंडळींची. आमच्या सवाई बेटावर माणसाला घराण्याची पदवी मिळाली की त्याचं जुनं नाव कुणी तोंडी घेत नाही. त्यातून तुइवाओला ही पदवी एकाच दिवशी चार चुलतभावांना दिलेली, भांडण नको म्हणून.

त्यातले थोरले स्वतः येऊन मला बजावून गेले. "नर्सबाई, पोरपणीच्या नावानं मला त्या डब्यात कोंबायचं नाही. पदवीधाऱ्यांच्या सभेत ठरलंय. पदवी लिही."

डॉक्टर लेसिना तरुण पोरगी, राजधानीतून, आपियाहून आलेली. ती म्हणाली, "मग जुनी माहिती कुणाची हे कसं कळणार? विचार ना त्यांना नावं."

"तूच विचार," मी म्हटलं. मी गावची सून, आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. सभेपुढे माझं काय चालणार? पदवीवाल्यांची कोरी पानं उघडली आणि 'नंतर जोडू' म्हणून मोकळी झाले. खरं सांगायचं तर मला कटकट नको होती.

एका रविवारी, दुपारची जेवणं उरकत होती तेवढ्यात, थोरल्या तुइवाओलांना पिकअपमध्ये घालून आणलं. पायातली जखम सडलेली, ताप एकशेचार, काहीबाही बरळत होते. घरचे बाहेर चटया टाकून बसले. लेसिनानं पडद्यावर पदवी टाकली. चार माणसं आली. तिघांची जन्मतारीख एक जानेवारी, कारण खरी कुणालाच ठाऊक नव्हती. तिनं पहिलं पान उघडलं.

"मार्चमध्ये पेनिसिलिन दिलंय, काही त्रास झाला नाही. भर इंजेक्शन."

मी भरलं. दंडाला स्पिरिट लावलं. सहज मान वळवली तर पानावर वजन चौसष्ट किलो. पलंगावरचा माणूस एकशेवीसच्या खाली नव्हता.

"थांब," मी म्हटलं, "हे पान धाकट्याचं आहे. यांचं पान कोरं आहे. खरी माहिती जुन्या नावाखाली असणार."

"मग नाव सांग!"

मला नाव माहीतच नव्हतं. त्यांच्या बायकोला विचारलं. तिनं तोंड फिरवलं. "तुइवाओला. दुसरं नाव नाही."

"काकी, जीव जाईल त्यांचा!"

"जीभ झडेल माझी."

इथे नाकापेक्षा मोती जड झाला होता. माझं डोकं फिरलं. तशीच सिरिंज हातात घेऊन बाहेर गेले आणि चटयांसमोर ओरडले, "आत जो पडलाय त्याला आईनं काय म्हणून हाक मारली होती? एवढं मला सांगा!"

सुनेनं असं ओरडायचं नसतं. एक काका उठून मला झापायला लागले. तेव्हा मागून आजारी तुइवाओलांची थोरली बहीण फाआलुआ काठी टेकत पुढे आली. भावानं बहिणीचा शब्द मोडायचा नाही, ही आमची रीत. तिला अडवणार कोण?

"रोपाती," ती म्हणाली. "रोपाती म्हणायचो आम्ही. जा पोरी."

लेसिनानं नाव टाकलं. वर लाल अक्षरांत होतं: पेनिसिलिननं श्वास बंद पडला, कसाबसा वाचला. ते कार्ड मीच चढवलं होतं, माझ्याच बोटांनी. सिरिंज टाकून दिली. दुसरं औषध सुरू केलं.

चौथ्या दिवशी ते शुद्धीवर येऊन उठून बसले होते. मी खाली मान घालून माफी मागायला गेले, दंड म्हणून डुक्कर द्यावं लागेल अशी तयारी ठेवून.

"सगळ्यांनी ऐकलं?"

"ऐकलं."

"पलीकडच्या चर्चमधल्यांनीसुद्धा?"

"माझा आवाज मोठा आहे."

त्यांनी पायाची पट्टी चाचपली. "माझ्या शब्दावरून अशी कोरी पानं किती आहेत त्या डब्यात?"

"एकतीस."

दुसऱ्या सोमवारी त्यांनी सभा आमच्या व्हरांड्यातच भरवली. एकतीस पदवीधारी आले. कुणी कुणाकडे बघेना, जो तो छताचे पत्रे मोजत होता. थोरले कुबडी घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मी कानाजवळ वाकले, हळूच सांगतील म्हणून.

"मोठ्यानं सांगतो," ते म्हणाले. "रोपाती. लिही."

मला रडू आवरेना, आणि अक्षरं दिसेनात म्हणून लेसिनानंच ते नाव टाइप केलं. मग धाकटे तुइवाओला पुढे सरकले.