दांडा मोजला का?

"मेलं कोण?" संपादकांनी मान वर न करता विचारलं.

"कुणी नाही, साहेब."

"मारामारी? बहिष्कार?"

"तेही नाही. चाळीस गावांच्या बौद्ध वस्त्यांत सरकारनं हातपंप दिले. सत्तावीस पंपांना दांडाच नाही."

"मोडले असतील."

"काढून नेलेत. दांडा वरच्या आळीत कुणाच्या तरी पडवीत असतो. दुपारी तासभर मिळतो. पाणी भरा, परत नेऊन द्या."

संपादक हसले. "सावळीराम, हे गणित झालं. बातमी नव्हे."

सावळीराम पगारे बारा वर्षं कचेरीबाहेरच्या फळ्यावर खडूनं बातम्या लिहीत होता. बातम्या दुसऱ्यांच्या, अक्षर त्याचं. त्याला वार्ताहर म्हणायची कुणाची जीभ रेटली नव्हती. ही बातमी मात्र त्यानं दोन उन्हाळे, सुट्टीच्या दिवशी सायकल दामटून आणली होती.

पहिल्या उन्हाळ्यात तोही फसला होता. रस्त्यावरून पंप दिसला, की वहीत फुली. चाळीसपैकी चाळीस! सरकार खरं बोलतंय म्हणून खूश होऊन निघाला, तर शेवटच्या गावात डोक्यावर हंडा घेतलेल्या कुसाबाईनं हटकलं.

"काय लिवतो रं?"

"पंप मोजतोय, मावशी."

"दांडा मोजला का?"

त्यानं वहीतल्या फुल्यांवर नजर फिरवली.

"लय शहाना! गाय मोजली, पान्हा नाय मोजला. उतर खाली!"

वस्तीत जन्मलेला माणूस, अन् सायकलीवरून उतरला नव्हता! त्या लाजेनं दुसऱ्या उन्हाळ्यात तो चाळीस ठिकाणी उतरला. प्रत्येक पंपावर हात ठेवला आणि मगच फुली मारली.

"चार ओळी देतो," संपादक म्हणाले. "'काही गावांत पाण्याची गैरसोय.' आकडा नको, गावांची नावं नकोत. आपले वर्गणीदार आहेत तिथं."

"मग राहिलं काय, साहेब?"

"तुझी नोकरी."

सावळीरामनं वही उचलली. "कुसाबाई म्हणाली, माझ्या गावाचं नाव लिही, मोठं लिही. तिला रोज तिथंच पाणी भरायचंय. ती भीत नाही आणि तुमचा छापखाना भितो?"

दुसऱ्या दिवशी बुधवार होता, बाजाराचा दिवस. सावळीरामनं फळा स्वच्छ पुसला. मुंबई नको, दिल्ली नको. वर लिहिलं: 'पंप चाळीस. बिनदांड्याचे सत्तावीस.' खाली सत्तावीस गावांची नावं, एकेका ओळीत एक. आठ वाजेपर्यंत फळ्यापुढं ही गर्दी जमली. कुणी शिव्या घातल्या, कुणी विडीच्या कागदावर आकडा उतरून घेतला.

शिपाई गेणू ओलं फडकं घेऊन बाहेर आला. "साहेबांनी पुसायला सांगितलंय, पगारे. खडूही परत मागितलाय."

"खडू घे. पुसायचं तू. मी लिहिणारा माणूस आहे."

एवढ्यात भाजीची पाटी उतरवून कुसाबाई गर्दीत घुसली. "आमचं गाव कुठंय रं, बाबा?"

सावळीरामनं तिचं बोट धरून सतराव्या ओळीवर टेकवलं.

"हेच?"

"हेच, मावशी."

तिनं बोट काढलं नाही. अक्षर जाईल म्हणून दाबलंही नाही, नुसतं ठेवलं. गेणू शेजारी उभा होता. त्याच्या हातातलं फडकं पायरीवर ठिबकत होतं.

"व्हा बाजूला, आजी," तो हळूच म्हणाला.

"थांब की," कुसाबाई म्हणाली. "मी वाचतेय."