हव, भगवानरावच बोलतो

मी बटनाचा मोबाईल. बोलाचं काम माह्याकडून सारेच घेतात, आज माहं बी ऐका.

माही पैदाइश कुठची ते डब्यावर लिवलं होतं, पन घेनाराले वाचता येत नव्हतं. भगवानरावनं मले तलमडुगूच्या बाजारातून आनलं अन् बंडीच्या खिशात तंबाखूसंग टाकलं. तवापासून माहं तीनचं बटन अडते. भगवानराव वांगे पिकवे. फोनवर असा वरडे का माही गरजच नव्हती. येपाऱ्याले वावरातून तसंच आयकू गेलं असतं.

मंग एक दिस वांगे तोडता तोडता तो बांधावर बसला. उठलाच नाई. लहाना भाऊ दौलत जेवाले बलावून राह्यला होता. मी खिशात वाजून वाजून गप झालो.

दहावं झालं अन् मी दौलतच्या खिशात आलो. त्याचा राग नाकावरच राह्यते. येपाऱ्याइचे फोन येत. पयले दौलत खरं सांगे, "दादा गेला." तिकडून सुरू, "कसा गेला? कवा? मले काऊन नाई सांगितलं बे?" मयताची खबर देली का देनाऱ्यालेच झाडतात, असे हे मानसं.

एक दिस दौलत कटाळला. कोनी विचारलं, "भगवानराव का?" हा म्हने, "हव, भगवानरावच बोलतो. बोल."

"आवाज काऊन बसला?"

"सर्दी हाये. वांगे पायजे का सर्दी?"

वांगे इकल्या गेले. मंग तीच सवय लागली. भावजय जयवंताबाई निवडता निवडता म्हने, "भाऊजी, हे बरं नाई."

"वैनी, वांगे इकायचे का सडवायचे?"

तिनं एक किडकं वांगं बाजूले फेकलं.

तिनं विधवा पेन्शनची दरखास्त टाकली होती. वावर भावाइचं सामाईक. सोताच्या हातचं म्हनून तिले तेवढंच येनार होतं. नंबर माहाच देला, दुसरा पाठ नव्हता.

हप्ताभरानं दौलत पाटाचं पानी फिरवत होता तवा मी वाजलो. तिकडून तेलगू अदबीनं इचारलं, "भगवानराव गारू?"

"हव, भगवानरावच. लवकर बोल, पानी फुटून राह्यलं."

तिकडं कागदावर पेन खरडला अन् फोन ठेवल्या गेला.

पुढं जयवंताबाई ऑफिसात गेली, तं कारकून म्हने, "अम्मा, दरखास्त नामंजूर. तुझा नवरा जिता हाये."

"मयताचा दाखला देला ना, सायेब."

"दाखला हाये. पन चौकशीले फोन केला, तं मानूस सोता बोलला. मी कागदाचं ऐकू का मानसाचं?"

लाइनीतले हसले. तिनं घरी येऊन मले दौलतसमोर ठेवलं. "माहा नवरा जिता हाये म्हनते."

"कोन म्हनते? दात पाडतो त्याचे!"

"तुमीच म्हनले."

दौलतनं मले उलटं करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी भावजयीले घेऊन ऑफिसात गेला अन् दारातूनच सुरू झाला. कारकुनानं काई मनावर नाई घेतलं. आपला फोन काढला, बटनं दाबले. मी दौलतच्या हातात वाजलो.

"उचला."

"तू समोरच बसला ना बे!"

"फाइलीत फोनचं लिवलं हाये. फोनवरच दुरुस्त करा लागते."

दौलतनं मले कानाले लावलं. मधात एक टेबल.

"भगवानराव गारू?"

तो सवयीचा 'हव' त्याच्या दातापर्यंत आला. मले वाफ लागली. पन तो तिथंच अडकला.

"नाई," दौलत म्हने. "दादा... दादा मेला. मी लहाना भाऊ बोलतो."

"आयकू नाई आलं. जोरात बोला."

मी म्हनलं, आता हा मले त्याच्या कपाळावर फेकते. नाई फेकलं.

"दादा मेला!" दौलत वरडला. साऱ्या ऑफिसानं आयकलं. "वांग्यात मेला! मी जेवाले बलावून राह्यलो होतो!"

कारकुनानं लिवलं. बाकावर जयवंताबाईनं पदर तोंडाले लावला. मंग उठली अन् म्हने, "चला भाऊजी. घरी जाऊ."

पेन्शन लागली. आता मी जयवंताबाईच्या घरी, पिठाच्या डब्यावर असतो. वाजलो का ती पीठ हातावरचं झटकते अन् मले उचलते. "ते नाईत. मी त्याइची बायको बोलते." दौलत आंगनातून आयकते, पन मधात बोलत नाई.

माहं तुमाले एकच सांगनं हाये. कोनी 'ते नाईत' म्हनलं, तं कसे गेले, कवा गेले, मले काऊन नाई सांगितलं, हे नका इचारू. वांग्याचा भाव इचारा.