दहापैकी सात

मास्तरांनी खिशातून टूथपिक काढली, ग्लासातल्या फेसात सरळ उभी केली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. काउंटरपलीकडची बारटेंडर हातातला फडका तसाच धरून बघत राहिली.

"हे काय करतायत?" तिने हळूच शेजारी बसलेल्या त्यांच्या मेहुण्याला विचारलं.

"पेपर तपासतायत," मेहुणा म्हणाला. "काडी वीस सेकंद उभी राहिली तर फेसाचे दोन मार्क. पडली की गेले. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय, अर्धा मार्कसुद्धा फुकट देत नाहीत."

काडी सव्वीस सेकंदांनी कलली. मास्तरांनी वहीत दोन लिहिले.

हा सतरावा बार. प्रत्येकाला वहीत एक पान होतं आणि प्रत्येक ठिकाणी मागवायची ती एकच गोष्ट, व्हिस्की सावर. फेसाला दोन, आंबटपणाला तीन आणि उरलेले पाच मार्क एकाच प्रश्नाला: तिच्या हातच्यासारखं लागतं का?

ती म्हणजे मास्तरांची बायको आणि मेहुण्याची ताई. जन्मभर इस्पितळाच्या औषधखिडकीत बसलेली बाई. दर शनिवारी पाच वाजता औषधाच्या मापाने थेंबनथेंब मोजून ती दोन ग्लास करायची, आणि भाऊ आला तर तीन. "घ्या, औषध घ्या," म्हणत पुढे करायची. तिला जाऊन दीड वर्ष झालं. तिच्याच हातच्या कागदावरून मास्तरांनी घरी करून पाहिलं. व्हिस्की, लिंबू, साखरेचा पाक, अंड्याचा पांढरा भाग, सगळं तेच. पण चव येईना. काहीतरी कमी पडतंय, असं ते रडवेले होऊन म्हणाले, तेव्हा मेहुणाच म्हणाला होता, "चला दाजी, बाहेर शोधू." दहापैकी दहा मिळाले की शोध संपला, असं तेव्हाच ठरलं. आजवर साडेसहाच्या वर कुणी गेलं नव्हतं. एका बारने ग्लासात कागदाची छत्री खोचून दिली, त्याला मास्तरांनी न पिताच शून्य दिलं. "छत्री कशाला? आत पाऊस पडतोय का?"

खरं सांगायचं तर मास्तरांना दहा मार्कांची धास्ती वाटायची. मेहुणा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. ताई होती तेव्हा बोलायचं काम तिच्याकडे होतं, हे दोघे नुसते हूं-हूं करायचे. आता मात्र दर पंधरा दिवसांनी तो दोन बस बदलून यायचा आणि दोघे पाचपासून सात वाजेपर्यंत भांडायचे, कधी लिंबावरून, कधी बर्फावरून. शोध संपला तर तो कशाला येईल? हा विचार त्यांना रात्रंदिवस छळायचा, पण तोंडाने सांगायची लाज वाटायची.

आजचा बार मेहुण्याने निवडला होता. हे पहिल्यांदाच. तो आधीच येऊन बसला होता आणि एरवीसारखा इमारतीच्या लिफ्टला नावंही ठेवत नव्हता. त्याचा ग्लास त्याच्यासमोर भरलेलाच होता.

मास्तरांनी पहिला घोट घेतला.

आधी आंबट, मग गोड, आणि अगदी शेवटी जिभेच्या मागे ते काहीतरी, ज्याला त्यांना आजवर नाव देता आलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. ती ओट्यापाशी उभी होती, मापाला लागलेला थेंब बोटाने पुसून चाखत होती. मास्तरांनी ग्लास खाली ठेवला, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

"काय?" मेहुण्याने विचारलं.

"बरंय."

"बरंय म्हणजे?"

मास्तरांनी आंबटपणापुढे तीन लिहिले. खालच्या रकान्यापाशी पेन थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी दोन लिहिले आणि घाईघाईने बेरीज केली.

"सात."

"सात?" मेहुणा स्टुलावरून अर्धा उठला. "अहो दाजी, सात कसे? आता आणखी काय हवंय? मीठसुद्धा घातलंय त्यात!"

बारटेंडरने पटकन पाठ फिरवली आणि स्वच्छच असलेला एक ग्लास पुसायला घेतला.

"कसलं मीठ?" मास्तर म्हणाले. "आणि तू तर अजून ग्लासाला हातही लावला नाहीस."

मेहुण्याने जीभ चावली. मग सुस्कारा सोडून खाली बसला.

"ताईने शपथ घातली होती. पहिल्यांदा केलं ना तिने, तेव्हा तुम्ही बर्फ आणायला गेला होता. पाक कमी वाटला म्हणून वरून साखर घालायला गेली आणि चिमूटभर मीठ पडलं तिच्या हातून. दोन्ही बाटल्यांना लेबलं, तीही तिच्याच अक्षरातली! ओतून टाकणार तेवढ्यात तुम्ही आलात, ग्लास उचललात आणि म्हणालात, वा, ही चव कुठे मिळायची नाही. झालं. तेव्हापासून दर शनिवारी मुद्दाम घालायची. औषधं देणारी बाई मीठ-साखरेत चुकली हे कळलं तर जन्मभर चिडवतील, म्हणाली."

"चिडवलं असतंच," मास्तर म्हणाले आणि हसायला लागले. हसता हसता त्यांना चष्मा पुन्हा काढावा लागला.

"मग गाढवा, मला सतरा बार कशाला हिंडवलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही घरीच करून प्यायला असतात." मेहुणा काउंटरकडे बघत म्हणाला. "मला कोण बोलावणार होतं?"

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आणि आज?"

"मुलगी मला तिच्याकडे न्यायला येतेय. पुढच्या महिन्यात, कायमचंच. बसचे नंबर दिसत नाहीत हो आता. गेल्या खेपेला भलत्याच बसमध्ये चढलो. तुम्ही एकटे शोधत फिरू नये म्हणून गुरुवारी येऊन हिला शिकवून गेलो. चार वेळा करायला लावलं."

"पाच," बारटेंडर पाठमोरीच म्हणाली.

मास्तरांनी सातावरून अंगठा फिरवला. ते खोडलं नाही. वही मिटून त्यांनी मेहुण्यापुढे सरकवली आणि तिच्यावर टूथपिकची डबी ठेवली.

"तिकडे बार असतील ना?"

"असतील की."

"मग ही तू ने. एक शनिवार आड, पाच वाजता. मी इथे बसेन, तू तिथे बस, आणि फोन कर. फेसाला वीस सेकंद, कमी चालणार नाहीत."

"मला काडी कुठली दिसायला, दाजी?"

"मुलीला धरायला सांग घड्याळ. आणि हे बघ, मिठाचं तिथे कुणाजवळ बोलायचं नाही. ताईची शपथ आहे ना?"

मेहुण्याने मान हलवली. मग त्याने पहिल्यांदाच आपला ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि डोळे मिटून तो तोंडात तसाच धरून ठेवला. मास्तरांनी पेन त्याच्या हातात दिलं.

"किती?"

मेहुण्याने घोट गिळला. बाहीने डोळे पुसले.

"साडेसहा," तो म्हणाला.